गोव्यात राहून जर्मनची प्राध्यापक होता येईल का?

प्रश्न फोंड्याच्या एका मुलीचा आहे. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्राथमिक शाळा मराठीतून, घरात कोंकणी, जर्मनची बी१ पातळी (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) पुरी केलेली. विचारते की जर्मन भाषा आणि संस्कृतीचे प्राध्यापक नेमकं करतात काय, त्यांना रस कशात असतो, त्यावर पोट भरतं का, आणि हे सगळं गोवा न सोडता जमेल का. माझ्या मुलीपेक्षा लहान असशील, तेव्हा 'तू'च म्हणते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरच्यांना तोच छळत असणार. गोवा सोडावा लागेल, निदान काही वर्षं. आपल्या विद्यापीठात एमए करता येतं ते पोर्तुगीजचं आणि फ्रेंचचं. जर्मनसाठी पुणे, मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद गाठायचं: पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग, मुंबईत कालिन्याचा जर्मन विभाग, दिल्लीत जेएनयू, हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ. मला विचारशील तर पुणे. तिथे जर्मन शिकणाऱ्यांची एवढी वर्दळ आहे की एमए करता करताच ए१चा वर्ग हातात पडतो, खोलीभाडं सुटतं, आणि शिकवणं आपल्याला झेपतं का तेही कळून चुकतं. शिवाय मॅक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मनीची गोएथे इन्स्टिट्यूट, गावातच. (ज्या संस्कृत पंडित मॅक्स म्युलरचं नाव आपण रोज घेतो त्याने भारतात कधी पाऊल ठेवलं नाही, हे पहिल्याच वर्षी कुणीतरी तुला मोठ्या हौसेने सांगेल. जन्म डेसाऊचा, १८२३चा; आयुष्य गेलं ऑक्सफर्डला.)

आता पोटाचं. प्राध्यापकपदाची वाट सगळ्या विषयांना एकच आहे: एमएला ५५ टक्के, मग नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा किंवा पीएचडी. नेटमध्ये जर्मन हा स्वतंत्र विषय आहे. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, पूर्ण प्राध्यापकाचं १,४४,२००पासून. हे झालं कायम जागेचं. गोव्यात जर्मनची कायम जागा निघणं विरळाच, आणि 'लेक्चर बेसिस' (तासागणिक पैसे) म्हणजे काय हे गोव्यातल्या मुलीला मी वेगळं सांगायला नको. अतिथी अध्यापकांना तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये, अशी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१९ची शिफारस आहे. हातात किती येतात आणि कधी येतात, ते त्या त्या संस्थेच्या मनावर. पावसाळ्यात तास सुरू व्हावेत आणि पहिला चेक चतुर्थी उलटल्यावर मिळावा, हे मी पाहिलेलं आहे.

विद्यापीठाबाहेर मात्र जर्मनला आज जेवढी मागणी आहे तेवढी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. चिनी विद्यार्थ्यांना आपण मागे टाकलं. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीय कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्यामुळे नर्सिंगच्या मुली, इंजिनियर, हॉटेलवाले सगळे बी१, बी२च्या मागे आहेत. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या घरांतली मुलंही येतात. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडचा रस्ता त्यांना बंद झाला. जर्मनीत राहायला त्यांना व्हिसा लागत नाही, पण काम मिळवायला भाषा लागतेच. आणि बी१ म्हणजे ४५ मिनिटांच्या साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका, हा गोएथे इन्स्टिट्यूटचाच अंदाज आहे. म्हणजे शिकवणाऱ्याला काम भरपूर. पणजीत किंवा मडगावात बसून ऑनलाइन वर्ग घेणारी माणसं बरी कमावतात, काही तर कायम नोकरीवाल्यांपेक्षा जास्त.

धोकाही तिथेच आहे. ए१ ते बी१ हे चक्र सुरू झालं की थांबत नाही. दर तीन महिन्यांनी नवी माणसं येतात आणि पुन्हा पहिल्यापासून 'माझं नाव अमुक, मी गोव्याहून आलो'. चांगली तयारीची मुलं या चक्रात पाच-सात वर्षं फिरतात आणि मग म्हणतात, पीएचडीला विषय सुचत नाही. विषय सुचणार कसा? त्या पाच वर्षांत एक कादंबरी वाचलेली नसते. पातळ्या शिकवणं हलकं आहे असं मी म्हणत नाही, मीही तेच करून घर चालवलं आहे. पण त्याने माणूस भाषाशिक्षक होतो. प्राध्यापक व्हायचं तर एखादा प्रश्न असा लागतो, जो पगार नसला तरी तुला सोडणार नाही. आणि माझं ठाम मत आहे की गोव्याच्या माणसाने तो प्रश्न बर्लिनमध्ये शोधत बसू नये. काफ्कावर हजारो लोक लिहितात, त्यात तुझी भर पडायला फार वर्षं जातील. तू उभी आहेस तिथून जर्मन जगाकडे पाहिलंस तर असं काही दिसेल जे हायडेलबर्गच्या मुलीला दिसणार नाही.

मला स्वतःला ज्याने धरून ठेवलं तो विषय म्हणजे लक्झेंबर्ग. ऐकून विचित्र वाटेल. जर्मनीच्या कुशीतला हा देश २,५८६ चौरस किलोमीटरचा, आपल्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याहूनही लहान. घरात, बाजारात, मित्रांत लक्झेंबर्गिश बोलतात. वर्तमानपत्रं मुख्यतः जर्मनमध्ये वाचतात, आणि पिढ्यान्पिढ्या तिथली मुलं पहिली अक्षरं जर्मनमधूनच गिरवत आली. कायदे मात्र फ्रेंचमध्ये लिहिले जातात. लक्झेंबर्गिश ही जर्मनची बोली की स्वतंत्र भाषा, यावर तिथे खूप काळ घोळ होता. १९८४मध्ये कायदा करून तिला राष्ट्रीय भाषेचा दर्जा दिला आणि फ्रेंच, जर्मनलाही कारभारात जागा ठेवली.

आता आपल्याकडे बघ. घरात कोंकणी. सकाळी दारात येतो तो मराठी 'गोमन्तक' किंवा 'नवप्रभा'. देवळात आरत्या मराठीत, भजन मराठीत. लग्न, वारसा, मालमत्ता यांना अजूनही १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा आधार. आणि १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली. तीन वर्षांच्या अंतराने दोन चिमुकल्या प्रदेशांनी जवळजवळ एकाच पेचावर कायदे केले, आणि एकाला दुसऱ्याची खबर असण्याचं काही कारण नव्हतं. असं काही दिसलं की मला रात्री झोप लागत नाही.

सावध राहायचं ते इथेच. तुलना कुठे जुळते यापेक्षा कुठे तुटते ते शोधणं हे आपलं काम. १९४०मध्ये जर्मन फौजांनी लक्झेंबर्ग व्यापलं. १९४१च्या ऑक्टोबरात जनगणनेच्या फॉर्मवर मातृभाषा, राष्ट्रीयत्व आणि वंश विचारले गेले तेव्हा तिन्ही ठिकाणी 'लक्झेंबर्गिश' लिहायचं असं लोकांनी ठरवलं, आणि तो बेत कळताच जर्मनांनी मोजणीच रद्द केली. त्यामुळे तिथे जर्मन ही वाचायची भाषा असली तरी तिच्यावर आक्रमकाच्या भाषेचा डाग लागला. गोव्यात मराठीचं तसं मुळीच नाही. इथे सक्तीची भाषा पोर्तुगीज होती, आणि मराठी कित्येक हिंदू घरांत तिच्याविरुद्धचा आसरा होती. पोर्तुगीज अमलात गावोगाव मराठी शाळा चालल्या त्या त्याच जिद्दीवर. हा फरक विसरून कुणी लक्झेंबर्गचं उदाहरण आपल्या कोंकणी-मराठी भाषावादात काठीसारखं वापरलं तर ते संशोधन उरत नाही. दोन्ही बाजूंचे लोक मला 'मग तुमचं म्हणणं काय?' असं विचारतात. माझं म्हणणं एवढंच की आधी दोन्हीकडचं वाचा.

एकाच समाजात बोलायला एक आणि लिहायला दुसरी भाषा, यासाठी भाषाशास्त्रात 'डायग्लोसिया' ही कल्पना आहे. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसनने १९५९च्या लेखात चार उदाहरणं घेतली: अरबी, ग्रीक, हैतीची क्रेओल आणि स्वित्झर्लंडची जर्मन. झ्युरिकचे दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलीत बोलतात आणि लेख लिहितात प्रमाण जर्मनमध्ये. हे वर्गात सांगितलं तर दिल्लीच्या मुलांना समजवावं लागतं. डिचोलीच्या, पेडण्याच्या मुलांना लागत नाही, ती हसतात फक्त. एमएला भाषाशास्त्राची तासिका असेल तेव्हा हा फायदा वापर.

संस्कृती शिकवणं म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकातला ऑक्टोबरफेस्ट आणि नाताळबाजार नव्हे, हेही आताच सांगून टाकते. मला सगळ्यात आवडणारा तास १९६१ सालाचा. १३ ऑगस्टला बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली. पूर्वेकडून येणारे मजूर थांबले. ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. मुलांना म्हणते, त्या वर्षी तुमच्या घरातलं कोण कुठे होतं ते विचारून या. कुणाचे आजोबा तुरुंगात होते, कुणाचे आफ्रिकेत, कुणाचे बोटीवर तारवटी म्हणून. मग इस्तंबूलहून बर्लिनला येऊन कारखान्यात काम केलेल्या आणि २०२२मध्ये ब्युख्नर हा जर्मन साहित्यातला मोठा पुरस्कार मिळालेल्या एमिने सेव्गी ओझ्दामारचं लेखन वाचायला घेते. ज्यांच्या घरात दर महिन्याला आखातातून किंवा जहाजावरून पैसे येतात, त्या मुलांना स्थलांतराचं साहित्य म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही. उलट तीच मला विचारतात की त्या जर्मनांनी पहिल्यापासून 'हे लोक परत जाणार' असं धरून का चालवलं.

गोव्याला चिकटलेले जर्मन धागे इतके आहेत की एका माणसाच्या आयुष्यात पुरणार नाहीत. १५०५मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या ताफ्यात आउग्सबुर्गच्या व्यापाऱ्यांचा पैसा होता आणि बाल्थासार श्प्रेंगर नावाचा त्यांचा माणूसही होता. त्याचं प्रवासवर्णन १५०९मध्ये छापलं गेलं. त्याच ताफ्याने कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला. शतकाच्या शेवटी फुगर आणि वेल्सर या आउग्सबुर्गच्या व्यापारी घराण्यांचा आडत्या फेर्डिनांड क्रोन गोव्यात बसून मिरीचा व्यापार पाहत होता. खाली मंगळुरात १८३४पासून बाझेल मिशन. तिथे गेऑर्ग प्लेब्स्टने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि गोव्यातल्या जुन्या घरांवर आजही आपण 'मंगळुरी कौलं' म्हणतो ती त्या परंपरेतली. त्या मिशनची जुनी छायाचित्रं बाझेलच्या संग्रहाने ऑनलाइन ठेवली आहेत.

आणि मुरगावची गोष्ट आहेच. १९३९मध्ये युद्ध पेटलं तेव्हा 'एरेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' आणि 'ड्राखेनफेल्स' ही ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची तीन मालवाहू जहाजं तटस्थ पोर्तुगीज गोव्याच्या आसऱ्याला आली, बरोबर एक इटालियन जहाज. ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी इंग्रज शिपायांनी 'एरेनफेल्स'वर छापा घातला. आतून संदेश पाठवून जर्मन पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांचा पत्ता दिला जातो, असा संशय होता. कप्तान मारला गेला, चारही जहाजं जळाली-बुडाली, आणि तटस्थ प्रदेशातला हा हल्ला १९७८पर्यंत गुप्त राहिला. इंग्रजीत यावर पुस्तक आहे, सिनेमा आहे. जर्मन खलाशांच्या बाजूने, पोर्तुगीज कागदपत्रांशी ताडून, मराठीत कुणी नीट लिहावं असं मला फार वाटतं. कुणी तरुण माणूस हात घालील तर माझ्याजवळची टिपणं मी देईन.

यासाठी हत्यारं लागतात. जर्मन हस्तलिखितं कुरेंट लिपीत असतात, जी आजच्या जर्मन मुलांनाही वाचता येत नाही. १९४१मध्ये ती शाळांतून गेली. आजोबांकडून मोडी वाचायला शिकलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे होती, तिला कुरेंटची भीती वाटली नाही. अक्षर वाचायचं नसतं, वळण ओळखायचं असतं, ही सवय तिला आधीच होती. आता हस्तलिखित वाचणारी ट्रान्सक्रीबुससारखी संगणकीय साधनंही आली आहेत. चुका करतात, पण सुरुवातीला आधार होतो. कुठल्या जर्मन दप्तरखान्यात भारताबद्दल काय पडलं आहे याची 'मिडा' नावाची यादी आहे, १७०६पासून १९८९पर्यंतची, ऑनलाइन आणि फुकट. हाल्ले शहरातल्या फ्रांके संस्थेत तामिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या मिशनचे कागद आहेत. प्रत्यक्ष जाऊन बसायचं तर डाड या जर्मन विद्याविनिमय संस्थेची शिष्यवृत्ती; ही संस्था १९२५पासून हेच काम करते. अर्जात 'मला जर्मन संस्कृतीची आवड आहे' असं लिहू नकोस. कुठला कागद, कुठल्या कपाटातला, आणि तो वाचून कुठला प्रश्न सुटेल, ते लिही.

गोव्याच्या माणसाला हे नवीन आहे असंही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, आपल्या मातीतले, १९०७चा जन्म, हार्वर्डहून परतल्यावर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताबरोबर जर्मनही शिकवत. पणजीत त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव भरतो तेव्हा इतिहासावर, मार्क्सवर, नाण्यांवर बोललं जातं. जर्मनच्या मास्तरकीवर कुणी बोलत नाही, याची मला थोडी गंमत वाटते.

मराठी प्राथमिक शाळेमुळे तू मागे पडलीस असं तुझ्या प्रश्नात कुठेतरी डोकावतं. ते काढून टाक. मराठीत तीन लिंगं आहेत, जर्मनमध्येही तीन. हिंदी किंवा फ्रेंच बोलणाऱ्याला नपुंसकलिंग मुळापासून शिकावं लागतं, तुला नाही. फक्त कुठली वस्तू कुठल्या लिंगाची हे नव्याने पाठ करायचं. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं तेव्हा इंग्रजी माध्यमाची मुलं गडबडतात, आपल्याला क्रियापदाची वाट पाहायची सवय असते. 'चाक'मधला च जमतो त्याला जर्मन झेडचा उच्चार आयता येतो. विभक्तीप्रत्यय आणि आर्टिकल यांचा गुंता मात्र सगळ्यांनाच छळतो, त्यावर वहीशिवाय उपाय नाही.

मराठी वाचन सोडू नकोस याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे जर्मन साहित्य बहुतेक इंग्रजीवरून आलं. थेट जर्मनवरून मराठीत करणारे हात कमी आहेत. नाटकात मात्र मोठं काम झालं. विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झबरोबर चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' उभं केलं, पु. लं.नी १९७८मध्ये 'तीन पैशांचा तमाशा' दिला, दोन्ही जर्मन नाटककार ब्रेख्तवरून. गोव्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर मराठी नाटक पाहत वाढलेल्या मुलाला, कथेत मधेच गाणं येतं, नट प्रेक्षकांशी बोलतो आणि पुन्हा पात्रात शिरतो, हे सांगायला ब्रेख्तची गरज नसते. ब्रेख्त ते मुद्दाम का करत होता, एवढंच शिकवायचं राहतं. जत्रेतलं नाटक आणि ब्रेख्तचं हे 'एपिक थिएटर' यांवर एमएचा प्रबंध कुणी केला तर मी आनंदाने वाचीन. त्यांचा हेतू एकच होता असं कुणी लिहिलं तर मात्र भांडीन.

तेव्हा असं कर. बीएची परीक्षा आटपली की बी२ला बस. एमएला प्रवेश मिळाला तरी बी१वर साहित्याचे तास डोक्यावरून जातात. एमए संपेपर्यंत सी१ हवीच. गोव्यात आहेस तोवर पोर्तुगीजचा एखादा प्राथमिक वर्ग कर, पणजीत ती सोय इतर कुठल्याही शहरापेक्षा चांगली आहे आणि इथल्या कुठल्याही जुन्या कागदाला पुढे तीच लागेल. एमएच्या दुसऱ्या वर्षापासून नेटचा अभ्यास सुरू कर, पहिल्या फेरीत बहुतेकांचं होत नाही, त्याने खचू नकोस. शिकवण्यातच राहायचं ठरलं तर गोएथेचा डीएलएल हा शिक्षकप्रशिक्षणाचा अभ्यासक्रम घे. आणि ए१चे वर्ग घेतलेस तरी आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग ठेवू नकोस, त्या वाचायला. पैसे थोडे कमी येतील. घरी हे आधीच सांगून ठेव, म्हणजे नंतर बोलणी बसणार नाहीत.